धुकं पांढरं होतं, फोटोत राखाडी आलं

जुलैमधली सकाळ, ताम्हिणी घाट. गाडी कडेला लावून आम्ही चहा घेत होतो. दरीतून धुकं वर येत होतं. समोरचा डोंगर आत्ता होता, आत्ता नाही. आत्यानं फोन काढला, तीन-चार फोटो मारले आणि स्क्रीनकडे बघून तोंड वाकडं केलं.

"हे काय रे? समोर दूध सांडलंय आणि यात बघ, कपडे धुतलेल्या पाण्यासारखं आलंय."

फोन बऱ्यापैकी महागाचा होता, हातही हलला नव्हता. तरी आत्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. मी तिला म्हटलं, स्क्रीनवर धुक्यावर बोट टेकव. बोट टेकवल्यावर चौकोन आला, शेजारी छोटा सूर्य आला. "आता तो सूर्य बोटानं हळूच वर सरकव." तिनं सरकवला. मळकट पाणी उजळत उजळत परत दूध झालं. आत्या माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू इतकी वर्षं ही गोष्ट मी तिच्यापासून लपवून ठेवली होती.

तो सूर्य म्हणजे नेमकं काय, हे कळलं की निसर्गाच्या फोटोग्राफीतलं निम्मं काम झालं. म्हणून सुरुवात तिथूनच.

कॅमेऱ्याला, मग तो फोनमधला असो की गळ्यात अडकवायचा, धुकं म्हणजे काय हे ठाऊक नसतं. त्याच्यापर्यंत पोचतो तो फक्त उजेड, कुठे जास्त, कुठे कमी. त्या उजेडावरून किती वेळ आणि किती प्रकाश आत घ्यायचा हे त्याला ठरवायचं असतं. त्यासाठी त्याची एक जुनी समजूत आहे: जगातली दृश्यं सरासरी काढली तर मध्यम राखाडी भरतात. पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के परत फेकणारा राखाडी. पंगतीतल्या एखाद्या हट्टी वाढप्यासारखा तो वागतो. कुणाचंही ताट समोर आलं की ते अर्धं भरलेलं असलं पाहिजे. रिकामं असेल तर वाढतो, काठोकाठ असेल तर काढून घेतो.

गवत, झाडं, माती यांची ताटं मुळात अर्धीच असतात, त्यामुळे रोजच्या फोटोंत हा हट्ट जाणवत नाही. धुकं, ढग, फेसाळ धबधबा, पांढरा बगळा ही काठोकाठ ताटं. तिथे कॅमेरा उजेड काढून घेतो आणि पांढरं राखाडी होतं. उलट पावसानं भिजलेला काळा कातळ, किर्र रान, म्हैस यांचं ताट रिकामं. तिथे तो वाढत सुटतो आणि काळंभोर दगड सिमेंटसारखा फिका येतो. आजचे फोन चेहरा, आभाळ, झाडं ओळखून बरीच सुधारणा करतात, पण धुक्यात आणि कातळात ते अजून फसतात. म्हणून नियम डोक्यात उलटा ठेवायचा: पांढरं जास्त असेल तर सूर्य वर, काळं जास्त असेल तर सूर्य खाली. पहिल्यांदा विचित्र वाटतं. गळ्यातल्या कॅमेऱ्यावर हेच काम अधिक-उणे चिन्हाचं बटण करतं.

एक पथ्य मात्र आहे. सूर्य वर सरकवताना आभाळाकडे लक्ष ठेवा. फोटोतला अंधारलेला भाग नंतर थोडाफार उजळून काढता येतो, पण जिथे प्रकाश मावेनासा झाला तिथे नुसता कोरा पांढरा डाग उरतो आणि त्यातून पुढे काहीही काढता येत नाही. फोटोवाले म्हणतात, "आभाळ जळलं." जळलेलं आभाळ कुठलंही ॲप परत आणत नाही, फार तर दुसरं रंगवून देतं. दरी अंधारात आणि आभाळ लख्ख असेल, तर फोन आपणहून एकामागोमाग अनेक फोटो घेऊन त्यांतले चांगले भाग जोडतो. यालाच एचडीआर म्हणतात. काम छान करतो, फक्त वारा असेल तर हलत्या पानांच्या कडा दुहेरी येण्याची शक्यता असते. आणि कधी कधी तो इतका समंजसपणा दाखवतो की दरीतला अंधार, ज्याच्यासाठी फोटो काढला, तोच नाहीसा होतो. अशा वेळी बिनधास्त सूर्य खाली ओढा. सह्याद्रीला थोडा काळोख शोभतो.

आता प्रश्न येतो तो, फोन पुरेसा आहे की कॅमेरा घ्यावा. हा प्रश्न मला इतक्यांनी विचारलाय की उत्तरासाठी मी दोन भांडी वापरतो. पाऊस पडत असताना अंगणात एक परात ठेवा आणि एक वाटी. पाच मिनिटांनी बघा. पाऊस दोन्हींवर सारखाच पडला, पण परातीत पाणी कितीतरी जास्त. कॅमेऱ्याच्या आत प्रकाश झेलणारी जी आयताकृती चिप असते, सेन्सर, तिचं असंच आहे. मोठ्या फुल-फ्रेम कॅमेऱ्यातला सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा. चांगल्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्यातला साधारण १० बाय ७. क्षेत्रफळ काढलं तर परात वाटीच्या बारा पट भरते. उजेड कमी झाला की फोटोत जे दाणे दिसतात, रवा सांडल्यासारखे, ते मुख्यतः या कमी पाण्यामुळे. कमी पडलेला प्रकाश कॅमेरा आतल्या आत वाढवतो. त्या वाढवण्याच्या आकड्याला आयएसओ म्हणतात. रेडिओचा आवाज मोठा केला की गाण्याबरोबर खरखरही मोठी होते, तसं.

यातून दोन गोष्टी निघतात, ज्या दुकानात कुणी सांगत नाही. पहिली: खिशात मावणाऱ्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांतला सेन्सर बहुधा ६ बाय साडेचार मिलिमीटरचा असतो, म्हणजे चांगल्या फोनपेक्षाही लहान. लांबचं जवळ आणणारी त्याची झूम लेन्स सोडली, तर तो घेऊन फारसं हाती लागत नाही. दुसरी: फोनच्या पाठीवर तीन कॅमेरे असले तरी परात एकच, ती मुख्य कॅमेऱ्याची, म्हणजे १ एक्स. अतिरुंद आणि झूमवाले बहुधा वाट्याच असतात. म्हणून संधिप्रकाशात, जंगलात, ढगाळ संध्याकाळी १ एक्सवरच राहा आणि जवळ जायचं असेल तर पायांनी जा. अंधारात तुम्ही ३ एक्स दाबलं तरी काही फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्याचाच मधला तुकडा कापून मोठा करून दाखवतात.

मेगापिक्सेलच्या आकड्यांमागे लागू नका. १२ मेगापिक्सेल म्हणजे ४००० बाय ३००० ठिपके. इंचाला ३०० ठिपके या चांगल्या छपाईच्या हिशोबानं त्याचा १३ बाय १० इंचाचा फोटो भिंतीवर लागतो. १०८ किंवा २०० मेगापिक्सेलवाले फोनही नेहमीच्या वापरात शेजारशेजारचे ठिपके एकत्र करून साधारण तेवढ्याच आकाराचा फोटो देतात. आणि कुटुंबाच्या ग्रुपवर पाठवला की तो आणखी दाबला जातोच.

खरं भांडवल म्हणजे उजेड. पुस्तकांतून "गोल्डन अवर", सोनेरी तास, असा शब्द येतो. सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याचा प्रकाश हवेच्या जाड थरातून तिरपा येतो, वाटेत निळा रंग विखरून जातो आणि आपल्यापर्यंत तांबूस-पिवळा पोचतो. इथवर ठीक. पण हा तास आपल्याकडे तासभर टिकत नाही. आपण विषुववृत्ताच्या जवळ असल्यानं सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो. मार्च किंवा सप्टेंबरअखेरीस पुण्यात क्षितिजापासून सहा अंश चढायला त्याला पंचवीसेक मिनिटं लागतात, लंडनमध्ये चाळीस. त्यात आपल्याकडे पूर्वेला एखादी डोंगररांग आडवी असली की ऊन दिसेपर्यंत सोनं संपलेलं असतं. त्यामुळे "सात वाजता पोचू" हा बेत कामाचा नाही. अंधारातच जागेवर पोचून थर्मासमधला चहा प्यायचा. मे महिन्याच्या मध्यावर तर पुण्या-मुंबईकडे भर दुपारी खांबाची सावली खांबाच्या पायाशी गोळा होते. त्या उजेडात डोंगराला उठाव राहत नाही, सगळं चपटं दिसतं. त्या वेळी झाडाखाली झोपावं. मी झोपतो.

पण सोनेरी उन्हाचं कौतुक जरा अतिच झालंय. फुलं, पानं, शेवाळ, अळंबी यांच्यासाठी मला विचाराल तर ढगाळ दिवसासारखा दिवस नाही. ढग म्हणजे आभाळभर ताणलेलं पांढरं मलमलचं कापड. ऊन त्यातून गाळून येतं, सावल्या मऊ होतात, पाकळीवरची शीर न् शीर दिसते. आणि असे दिवस आपल्याला वर्षाचे चार महिने फुकट मिळतात.

ढगाळ उजेडात एकच खोट असते. ओल्या पानांवर आभाळाचं पांढरं प्रतिबिंब चमकतं आणि त्याखाली खरा हिरवा झाकला जातो. पावसाळ्यातले फोटो घरी येऊन फिके वाटतात ते यामुळे. मग माणूस ॲपमध्ये रंग वाढवतो आणि सह्याद्रीचा पोपट होतो. खरा उपाय पोलरायझर नावाची फिरती काच. पृष्ठभागावरून परावर्तित झालेला प्रकाश बराचसा एकाच दिशेनं कंप पावतो. ही काच ठरावीक कोनात फिरवली की तो अडतो. फोनसाठी वेगळी काच घ्यायचीही गरज नाही. तुमचा गॉगल पोलराइज्ड असेल तर त्याचीच एक काच लेन्सपुढे धरा आणि हळूहळू फिरवा. एका जागी आल्यावर पानांवरची चकाकी पुसल्यासारखी जाते, ओढ्याच्या तळाचे गोटे दिसायला लागतात. काचेचा थोडा रंग फोटोत उतरतो, पण तो सुधारता येतो. इंद्रधनुष्य असेल तेव्हा मात्र जपून: चुकीच्या कोनात फिरवलीत तर त्याचा बराचसा भाग गायब होईल.

आता जमिनीवर उतरू, अक्षरशः. सप्टेंबरमध्ये आत्याबरोबर कासला गेलो होतो. सातारा तिचं गाव, त्यामुळे पठार जणू तिच्या माहेरचं अंगण. कास साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून १२०० मीटरच्या आसपास. पश्चिम घाटातल्या ज्या जागांना २०१२ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून नोंदवलं, त्यांतली एक. जांभ्याच्या कातळावर बोटभर माती आणि त्या मातीत ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत फुलांचे थर. तेरड्याचा गुलाबी, सोनकीचा पिवळा, गेंदांची पांढरी बटणं, सीतेची आसवं जांभळी-निळी. आलेले सगळे लोक उभ्यानं, छातीच्या उंचीवरून खाली फोन धरून फोटो काढत होते. आत्याही. त्या उंचीवरून फुलांचा गालिचा दिसतो, फूल दिसत नाही. मागे येते ती माती, गवत आणि कुणाची तरी चप्पल.

"बस खाली," म्हटलं.

"गुडघे तुझे की माझे?"

"मग फोन उलटा धर."

ही युक्ती मला स्वतःला फार आवडते. फोनची लेन्स वरच्या टोकाला असते. फोन उलटा केला की लेन्स जमिनीपासून बोटभर उंचीवर येते. वाटेच्या कडेला थोडं वाकलं, हात खाली सोडला, की वीतभर उंचीचं गेंदाचं फूल एकदम आभाळाला टेकलेलं दिसतं आणि मागे माती-चपलांऐवजी ढग येतात. फोटो घरी आपोआप सुलटा दिसतो. वाट सोडून आत मात्र शिरायचं नाही. त्या बोटभर मातीवर एक पाऊल पडलं की तिथली पुढच्या वर्षीची बी दबते. वाटेच्या कडेलाही फुलं भरपूर असतात.

तिथेच, ओलसर कातळाच्या कडेला, आत्याला दवबिंदू दाखवला. दवबिंदू हे झाडाचं नाव. वीतभरही उंची नाही. पानांवर लालसर केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब, मधासारखा तार येणारा. किडा त्याला दव समजून बसतो आणि अडकतो. पान सावकाश वळतं आणि किडा पचवतं. आम्ही बघत होतो त्या पानावर एक चिलट होतं, अजून एक पाय हलवणारं. सूर्य झाडाच्या मागे होता, त्यामुळे प्रत्येक थेंबात एकेक दिवा लागला होता. फोटो काढायला गेलो तर फोनला झाड दिसेचना. त्याला दिसत होतं मागचं गवत. इतकी बारीक वस्तू मधोमध असली तरी फोन मागच्या मोठ्या पसाऱ्यावर नजर लावतो. हाही त्याचा अंदाजच, जे मोठं ते महत्त्वाचं.

यावर उपाय असा. झाडाच्या शेजारी, लेन्सपासून तेवढ्याच अंतरावर, आपला तळहात धरायचा. स्क्रीनवर तळहातावर बोट दोनेक सेकंद दाबून ठेवायचं. फोकस कुलूपबंद झाल्याची खूण येते. मग हात काढून घ्यायचा आणि श्वास रोखून फोन केसभर पुढे-मागे करत भराभर दहा-पंधरा फोटो घ्यायचे. त्यातला एखादा नेमका लागतो. वारा असेल तर तोही नाही लागत, मग थांबायचं. आत्याचा अकरावा लागला.

अगदी जवळून काढताना बऱ्याच नव्या फोनवर चौकट एकदम उडी मारल्यासारखी बदलते आणि फुलाचं छोटं चित्र दिसतं. फोननं परस्पर अतिरुंद लेन्स निवडलेली असते, कारण तिलाच इतक्या जवळचं स्पष्ट दिसतं. पण मग तुमची आणि फोनची सावली फुलावर पडते आणि मागे अर्धं पठार चौकटीत येतं. ते चित्र दाबून ही सोय बंद करा, एक पाऊल मागे या आणि २ एक्स किंवा ३ एक्सवर काढा. मागचा पसारा कमी होतो, फूल सुटं दिसतं. ऊन कडक असेल तर छत्री उघडून फुलावर सावली धरा. काळी छत्री फुलाच्या मागे धरली तर स्टुडिओसारखी काळी पार्श्वभूमी मिळते. छायेतली बाजू उजळायला पांढरा रुमाल किंवा स्टीलच्या डब्याचं झाकण पुरतं. हजारो रुपयांची उपकरणं हेच करतात.

चौकट कशी लावावी, याबद्दल लोक फार नियम सांगतात. तीन भाग करा, एकतृतीयांशावर क्षितिज ठेवा वगैरे. वाईट नाहीत, पण माझा नियम साधा आहे: बटण दाबण्यापूर्वी चौकटीच्या चारही कडांवरून एकदा नजर फिरवा. फोटो बहुतेक वेळा मध्यभागी बिघडत नाही, कडांवर बिघडतो. विजेची तार, वेफर्सचं पाकीट, भावजींचा खांदा. आणि क्षितिज सरळ ठेवा. समुद्र कलंडलेला बघवत नाही.

पाण्याकडे वळू. धबधब्याचे रेशमासारखे फोटो तुम्ही पाहिले असतील. ते शटर, म्हणजे प्रकाश आत सोडणारं दार, जास्त वेळ उघडं ठेवून मिळतात, पाव सेकंद ते एक सेकंद. तेवढ्या वेळात पाणी वाहतं आणि त्याच्या रेघांचा पदर होतो. हात तेवढा वेळ स्थिर राहत नाही, म्हणून कॅमेरा दगडावर किंवा तिपाईवर ठेवायचा आणि तीन सेकंदांचा टायमर लावायचा, म्हणजे बटण दाबण्याचाही धक्का लागत नाही. फोनची अडचण अशी की बहुतेकांत प्रकाश आत घेणारं भोक, ज्याला ॲपर्चर म्हणतात, लहान-मोठं होत नाही. त्यामुळे भर उजेडात शटर एवढा वेळ उघडं ठेवलं तर सगळंच जळतं. पहाटे, दाट झाडीत किंवा गॉगलच्या काचेआडून ते जमतं. आयफोनवर एक आडवाट आहे: लाइव्ह फोटो काढायचा आणि नंतर त्याचा प्रकार 'लाँग एक्सपोजर' असा बदलायचा.

पण प्रत्येक पाणी रेशमी करायची मला जरा चीडच येते. जुलैतला सह्याद्रीचा धबधबा रेशीम नसतो. गढूळ, दांडगा असतो. सेकंदाचा पंधरावा किंवा तिसावा भाग ठेवला तर पाण्याच्या दोऱ्या दिसतात, जोरही कळतो. नाणेघाटात तर गोष्टच वेगळी. तिथे खालून कोकणाकडचा वारा असा उसळतो की कड्यावरून पडणारं पाणी उलटं वर फेकलं जातं. त्याचा हळू शटरचा फोटो म्हणजे नुसता पांढरा ढग. तिथे सेकंदाचा पाचशेवा भाग किंवा त्याहून जलद हवं, तरच एकेक थेंब वर जाताना दिसतो. फोनच्या प्रो मोडमध्ये हा आकडा हातानं ठेवता येतो. कड्याच्या टोकाशी मात्र जाऊ नका. ओलं शेवाळ आणि तो वारा, दोघांनाही तुमच्या फोटोशी देणंघेणं नाही.

पक्ष्यांच्या बाबतीत मी फोनची बाजू घेणार नाही. भिगवणला उजनीच्या पाण्यावर किंवा ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यात रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. नुसत्या डोळ्यांना गुलाबी रेघ दिसते आणि फोनचं झूम ताणलं की गुलाबी रवा. लेन्सची झूम संपली की फोन मधला तुकडा कापून मोठा करतो आणि उरलेला तपशील अंदाजानं भरतो. पिसं दिसतात, पण ती त्या पक्ष्याची असतीलच असं नाही. पक्ष्यांची खरी हौस असेल तर लांब पल्ल्याच्या लेन्सचा कॅमेराच घ्यावा. दिवसाच्या उजेडात वापरायचा असेल तर जुना, वापरलेला सुपरझूमही, म्हणजे लांब झूमची लेन्स अंगचीच असलेला कॅमेराही, चालतो. उडणाऱ्या पक्ष्याला सेकंदाचा हजारावा भाग लागतो, आणि हातात धरून काढताना लेन्स जितक्या मिलिमीटरची तितकावा भाग तरी हवा: ४०० मिलिमीटर असेल तर चारशेवा. फोन असेल तर पक्ष्याचा नाद सोडून थव्याचा घ्या. अख्खी खाडी, ओहोटीचा चिखल, मागे इमारती आणि मधोमध ती गुलाबी रेघ. कुठलाही क्लोजअप हे सांगत नाही. होडीवाल्याला "जरा उडवा ना" असं म्हणू नका. ते तिथे खायला आलेले असतात.

काजव्यांबद्दलही एक गुपित सांगून टाकतो. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाचीकडे गर्दी लोटते आणि बरेच जण हिरमुसले होऊन परततात, कारण इंटरनेटवर पाहिलेला हजारो ठिपक्यांचा सडा त्यांना झाडावर दिसत नाही. तसा तो बहुधा कुणालाच दिसत नाही. ते फोटो तिपाईवर कॅमेरा न हलवता अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे कितीतरी फोटो घेऊन, एकावर एक रचून केलेले असतात. अर्ध्या तासातल्या लुकलुकी एका चौकटीत. त्यात फसवणूक नाही, पण तो एका क्षणाचा फोटो नाही, एवढं माहीत असावं. फोन तिपाईवर ठेवून नाइट मोडमध्ये थोडंफार मिळतं. फ्लॅश आणि टॉर्च बंद, स्क्रीनचा उजेड अगदी कमी. ती लुकलुक म्हणजे नर-मादीचं एकमेकांना बोलावणं असतं; तुमच्या टॉर्चपुढे ते कुणालाच दिसत नाही.

थोडं घरगुती. एका पावसाळ्यात मी अख्ख्या ट्रेकचे फोटो धुरकट आणले. धुकं नव्हतं. घाटातल्या टपरीवर कांदाभजी खाऊन त्याच हातानं फोन धरला होता, आणि लेन्सवरच्या अंगठ्याच्या तेलकट ठशानं प्रत्येक दिव्याला, प्रत्येक ढगाला प्रभावळ दिली होती. तेव्हापासून खिशात जुन्या सुती धोतराचा धुतलेला तुकडा असतो. एसी गाडीतून एकदम दमट हवेत उतरलात तर थंड काचेवर बाष्प धरतं. ते पुसत बसू नका, पंधरा-वीस मिनिटं कॅमेरा पिशवीतच राहू द्या. आणि कोकणात राहत असाल तर कॅमेरा कपाटात ठेवू नका. लेन्सच्या आत बुरशीची जाळी धरते आणि ती काढायचा खर्च ऐकून लेन्स तशीच ठेवावी लागते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि बूट-पर्समधून मिळणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, बस्स. तांदळात ठेवू नका. पीठ आत जातं.

प्रो मोडबरोबर काही फोनांत 'रॉ' नावाची सोय असते. नेहमीचा जेपेग म्हणजे फोननं स्वतःच्या अंदाजानं शिजवून वाढलेलं जेवण. रॉ म्हणजे कोरडा शिधा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १२ बिटच्या रॉमध्ये ४०९६. सूर्यास्ताचं आभाळ नंतर हलक्या हातानं सुधारायचं असेल तर त्याचा उपयोग होतो. ज्याला घरी येऊन स्वयंपाक करायचा कंटाळा आहे त्यानं त्या वाटेला जाऊ नये. आत्या गेली नाही.

शेवटची सोय फोटोतली नाही, फोटोच्या पोटातली आहे. फोनच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर प्रत्येक फोटोत ती जागा अक्षांश-रेखांशासह लिहिली जाते. सहलीच्या फोटोंना ते छान. पण दुर्मीळ आमरी (ऑर्किड), घुबडाचं घरटं, सापाची कपार यांच्या बाबतीत तो चोराला दिलेला पत्ता ठरतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करता येतं.

कासहून परतताना आत्यानं गाडी एका आडवाटेला थांबवायला लावली होती. तिच्या लहानपणीचा कातळसडा, कुंपण नाही, पाटी नाही. कातळाच्या बेचक्यात पांढऱ्या भुईआमरीचा एकच तुरा उभा होता. तिनं फोन उलटा धरला, तळहातानं फोकस लावला, पाकळ्या पांढऱ्या म्हणून सूर्य वर सरकवला, आणि कडांवरून नजर फिरवताना माझ्या बुटाचं टोक दिसलं म्हणून मला दोन पावलं मागे हाकललं. रात्री तो फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर गेला. धाकट्या काकांनी विचारलं, कुठला फिल्टर लावलास? मावसभावानं विचारलं, नक्की कुठे आहे गं हे, रविवारी जाऊन येतो, पिन पाठव.

आत्यानं उत्तर टाइप केलं, "साताऱ्याकडे." आणि फोन चार्जिंगला लावून झोपायला गेली.